कुलशोधाचा आरंभ : आडनाव आणि नावांची साखळी

आपल्या कुळाचा शोध घेऊ इच्छिणारा बहुधा आडनावापासून आरंभ करतो. हा मार्ग स्वाभाविक असला, तरी निर्धोक नव्हे. श्रीवर्धनच्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथास १७१३ साली पेशवेपद मिळाले व पुढे हुद्दाच कुलनाम होऊन बसला. त्यापूर्वीच्या कागदांत हे घराणे ‘पेशवे’ म्हणून शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. नाना फडणविसांचे आडनावही मूळचे भानू.

याहून विश्वसनीय खूण म्हणजे व्यक्तीचे नाव, पित्याचे नाव व गाव यांची सलग साखळी. नुसते नाव पुरत नाही. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची रूढी असल्याने बाळाजी विश्वनाथाचा नातूही बाळाजीच, परंतु तो बाळाजी बाजीराव. पित्याचे नाव गाळले की दोन पिढ्या एक होतात.

अशी साखळी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सापडते; यात्रेस आलेल्यांची व त्यांच्या आप्तांची नावे तेथे नोंदली जात. जुन्या नोंदी बहुधा मोडीत असल्याने त्या लिपीचा परिचय अवश्य हवा. मात्र वहीकडे जाण्यापूर्वी घरातील वृद्धांकडून तीन पिढ्यांची नावे व मूळ गाव लिहून घ्यावे. वही उद्याही उघडता येईल; स्मरणाचे तसे नाही.