प्राणकृष्ण परिजा आणि सफरचंदाचा श्वास

झाडावरून तोडलेले फळ मृत नसते. सफरचंदाच्या सालीवर जे बारीक ठिपके दिसतात ती वल्करंध्रे. पानांच्या पर्णरंध्रांप्रमाणे त्यांतून ऑक्सिजन आत शिरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. फुप्फुस नाही, रक्त नाही. पेशींमधल्या पोकळ्यांतून वायू केवळ विसरणाने वाट काढतात. या मंद देवघेवीचा काटेकोर हिशेब मांडणाऱ्यांत प्राणकृष्ण परिजा हे ओडिया वनस्पतिशास्त्रज्ञ होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

केंब्रिजमध्ये एफ. एफ. ब्लॅकमन यांच्या हाताखाली परिजांनी हे काम केले. फळ बंद पात्रात ठेवायचे, त्यावरून कार्बन डायऑक्साइड काढून टाकलेल्या हवेचा संथ प्रवाह सोडायचा आणि फळाने टाकलेला वायू बेरियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात शोषून मोजायचा. दिवसेंदिवस हेच. कंटाळवाणे काम खरे, पण पुढचा प्रश्न याच चिकाटीतून निघाला.

हवेऐवजी निव्वळ नायट्रोजन सोडला तर काय होईल? गणित सोपे होते. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू मिळतात. ऑक्सिजनविना किण्वनात फक्त दोन. साखर पूर्वीच्याच वेगाने खर्च होत असेल, तर वायू एक-तृतीयांशावर यायला हवा. परिजांच्या काही सफरचंदांत तो घटण्याऐवजी वाढला! म्हणजे ऑक्सिजन नसताना फळ तिपटीहून अधिक साखर उधळत होते.

हे निबंध १९२८ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाले. तेव्हा परिजा कटकच्या रेवेन्शॉ महाविद्यालयात परतले होते. ऑक्सिजनच्या सान्निध्यात विघटित कार्बनचा काही भाग पुन्हा पेशीद्रव्यात बांधला जातो, असा अर्थ ब्लॅकमन यांनी लावला. तो पुढे टिकला नाही. पाश्चर यांनी यीस्टमध्ये पाहिलेल्या परिणामाशी या निरीक्षणाचे नाते जुळले: ऑक्सिजन मिळताच पेशीला थोड्या साखरेत पुरेशी ऊर्जा मिळते आणि साखर तोडण्याचा वेग आपोआप आवरला जातो. अर्थ बदलला, मोजमाप मात्र खरे ठरले.

परिजा १९४३ मध्ये उत्कल विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. सफरचंदांच्या नियंत्रित वातावरणाच्या शीतगृहांत आजही ऑक्सिजन काही टक्क्यांपर्यंत खाली आणतात, पण पूर्णपणे काढून टाकत नाहीत. तसे केले, तर फळ आतल्या आत आंबू लागते.