पनवेलचा मार्ग आणि शिपायाची घरवाट

पनवेल हें गांव पुष्कळ काळ मुंबई आणि पुणें यांच्यामधील दार होतें. मुंबईहून होडीनें खाडीमार्गें पनवेल गांठावें व तेथून बोरघाट चढून देशावर जावें, असा क्रम असे. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पलटणींची ये-जा या वाटेनें सुकर झाली. १८६३ मध्यें आगगाडी घाट चढली. तिचा मार्ग कल्याण-कर्जतवरून गेल्यामुळें पनवेलचें महत्त्व ओसरलें.

शिवकालीन फौजा पावसाळ्यापूर्वीं छावणीस परतत आणि दसऱ्यास सीमोल्लंघन करीत. लढाईंत पडलेल्या शिपायाच्या मुलांस पुढें बालपरवेशी मिळे. इंग्रजी अमलांत मात्र शिपाई घरापासून शेंकडों कोस दूर गेला. १९१४ सालीं त्याचा मासिक पगार अवघा ११ रुपये होता. एवढ्या पगारांत रजेचा प्रवास कसा परवडावा? म्हणून सरकारी रेल्वे वॉरंट ही त्याच्या दृष्टीनें लहानसहान गोष्ट नव्हती. त्या महायुद्धांत सातारा जिल्ह्यांतील एकट्या अपशिंगे गांवचे ४६ वीर कामास आले; त्यांना परतीचें वॉरंट लागलेंच नाहीं.

पनवेलच्या दक्षिणेस माणगांव तालुक्यांत पळसगांव आहे. तेथील नाईक यशवंत घाडगे यांस १० जुलै १९४४ रोजीं इटलींत वीरमरण आलें व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचें नांव तेथील कॅसिनो स्मारकावर कोरलेलें आहे. पळसगांवाहून तें स्मारक किती दूर, याचा विचार केला म्हणजे शिपायाच्या कुटुंबास प्रवासाचें मोल काय असतें, तें उमगतें.

स्वातंत्र्यानंतर परमवीरचक्रासारख्या शौर्यपदकांच्या मानकऱ्यांस रेल्वेचे मोफत पास मिळूं लागले. १९५३ सालीं विमानवाहतूक राष्ट्रीय झाली आणि पुढें सरकारी विमानांतून सैनिकांस सवलत मिळत असे. जानेवारी २०२२ मध्यें एअर इंडिया टाटांकडे परत गेली. आतां अशी सवलत देणें न देणें हें विमान कंपन्यांच्या मर्जीवर आहे. ओळखपत्र दाखविल्यास सैनिकास, व कंपनीच्या नियमाप्रमाणें त्याच्या पत्नीस व मुलांसही, ती मिळते. परंतु ती बहुधा मूळ भाड्यावरच असते, कर व इतर आकार पुरेपूर द्यावे लागतात.

येथेंच खरी मेख आहे. वॉरंट हा हक्क आहे, सूट हें सौजन्य आहे. गणपतीच्या दिवसांत भाडें दुप्पट झालें, आणि त्यावर निम्मी सूट मिळाली, तर शिपायाच्या पदरांत मूळचेंच भाडें पडतें. लेहच्या ठाण्यावर वडिलांच्या दुखण्याची तार पोंचावी तसा निरोप पोंचला, तर तो भाडें उतरण्याची वाट पाहूं शकत नाहीं.

८ ऑक्टोबर २०२५ रोजीं पनवेल तालुक्यांत नवी मुंबई विमानतळाचें उद्घाटन झालें आणि डिसेंबरांत विमानें उडूं लागलीं. एकेकाळीं होडीवाल्यांचें असलेलें हें दार पुनः उघडलें आहे. दूरच्या ठाण्यावरील कोंकणी जवान त्या दारांतून वेळेवर घरीं पोंचतो कीं नाहीं, हें सौजन्यावर न सोंपवितां हक्कानें ठरावें, हेंच न्याय्य होय.