एका गाण्याची कॅसेट

कोणत्याही वस्तूचा इतिहास हाती घेतला म्हणजे ‘ती कोणी शोधली’ एवढ्यावर आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचे समाधान होत नाही. ती बाजारात कोणी आणली, आणि बाजारातून कोणी काढून घेतली, हेही आम्ही विचारतो. इंग्लंड-अमेरिकेत एकेका गाण्याची सुटी कॅसेट विकली जात असे. तिची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट मांडली. तबकडी नुसती ऐकवीत असे. कॅसेटने ऐकणाऱ्याच्या हाती मुद्रणाची कळ दिली. १९८० साली ईएमआय कंपनीने ‘बाउ वाउ वाउ’ या इंग्रज वाद्यवृंदाचे एक गाणे कॅसेटवर काढले. गाण्याचा विषयच घरगुती मुद्रणाचा, आणि कॅसेटची दुसरी बाजू कोरी! लगेच १९८१ साली ब्रिटनच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने ‘घरगुती मुद्रण संगीताचा जीव घेत आहे’ अशी मोहीम काढली. कलावंताच्या मोबदल्याचा प्रश्न खोटा नव्हता. तो आम्हीही मानतो. परंतु त्या ओरडीत कंपन्यांच्या नफ्याची काळजीही होतीच.

कारण त्याच धंद्याने पुढे हीच फीत जवळ केली. १९४९ पासून चालत आलेली पंचेचाळीस फेऱ्यांची लहान तबकडी मागे पडू लागली, तेव्हा पुठ्ठ्याच्या साध्या वेष्टनातली ही कॅसेट तिच्या जागी आली. अमेरिकेत १९८७ साली अशा सुमारे ५० लाख कॅसेटी दुकानांकडे गेल्या. १९९० साली पावणेनऊ कोटी. खिशात थोडे पैसे असलेल्या पोरासोरांना आवडते तेवढेच गाणे घेता येऊ लागले.

मग कॉम्पॅक्ट डिस्कचे दिवस आले. संपूर्ण डिस्क विकण्यात लाभ अधिक, म्हणून गाजणारी गाणी रेडिओवर वाजवायची पण सुटी विकायची नाहीत, असे धोरण अमेरिकेतल्या कंपन्यांनी वाढत्या प्रमाणात धरले. अखेर डिसेंबर १९९८ मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाला, सुटे न विकलेले गाणेही आपल्या शंभर गाण्यांच्या यादीत घेण्याचा नियम करावा लागला.

१९९९ साली ‘नॅप्स्टर’ निघाले आणि लोक एकेक गाणे फुकट घेऊ लागले. त्यांना चोर म्हणणे सोपे होते. परंतु एका गाण्याची मागणी जुनीच होती. रास्त दामात ती पुरवणारे दुकान कंपन्यांनी आपल्याच हाताने मोडले होते. त्यात कलावंताचाही मोबदला बुडाला, हे आम्हांस अधिक लागते.