संगमेश्वर तालुक्यांतील देवरहाटी व त्यांचे कागद

संगमेश्वर म्हटलें कीं इतिहासभक्तांस १६८९ सालची संभाजीमहाराजांची कैद आठवते, फार तर कसब्याचें कर्णेश्वराचें देऊळ. तेथील देवरहाटींकडे मात्र आपलें लक्ष क्वचितच जातें. देवरहाटी म्हणजे ग्रामदेवतेच्या नांवें राखलेलें रान. तेथील लांकूड घ्यावयाचें तर आधीं देवाचा कौल लावावयाचा, आणि तेंही बहुधा देवळाच्याच कामासाठीं, अशी वहिवाट. राखणदार म्हणजे गुरव, मानकरी व गांवकर.

जमीन कोणाची, हा प्रश्न निराळा. खरी गुंतागुंत तेथेंच आहे. रत्नागिरी जिल्हा खोतीचा. १८८० च्या कायद्यानें खोतांचे हक्क मुक्रर झाले, १९४९ च्या कायद्यानें खोती गेली, १९७५ च्या कायद्यानें खासगी वनें सरकारकडे घेण्याची तरतूद झाली. कायद्यागणिक कागदावरील धनी बदलला; राखणीचा रिवाज गांवाकडेच राहिला.

१९७० च्या दशकांत वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं महाराष्ट्रांतील देवरायांची पाहणी केली, पण वनस्पतिशास्त्राच्या अंगानें. १८ डिसेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राजस्थानांतील देवराया जागेवर जाऊन व उपग्रहाच्या साह्यानें मोजण्याचा हुकूम दिला. असें माप येथें झालें तर झाडें दिसतील. देवाची हद्द कोणत्या दगडापर्यंत, हें उपग्रहास कसें दिसावें? तें जुन्या माणसांस विचारावें, नाहींतर खोतांच्या दप्तरांत शोधावें. संग्राहकांनीं सनदांइतकेच हद्दीच्या तंट्यांचे व देवस्थानच्या जमाखर्चाचे कागदही जपून ठेवावे. रद्दींत आधीं तेच जातात.