दुसरें तिकीट

नागपूरचा माणूस सीताबर्डीला नुसतें 'बर्डी' म्हणतो. १८१७ च्या नोव्हेंबर महिन्यांत आप्पासाहेब भोंसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची जेथें लढाई झाली त्या दोन टेकड्या, त्यांवरील किल्ला, पायथ्याचा बाजार, जवळच आगगाडीचें स्टेशन आणि मॉरिस कॉलेज, इतक्या गोष्टी एके ठिकाणीं जमल्यावर तेथें माणसांची दाटी न होती तरच नवल. नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी असतांना कचेरी सुटल्यावर कारकून, वर्ग सुटल्यावर विद्यार्थी आणि बाजारहाट आटोपल्यावर कुटुंबवत्सल गृहस्थ बर्डीवरच रेंगाळत. चित्रपटगृहांच्या मालकांनीं ही जागा हेरली नसती तर तो त्यांचा अडाणीपणा ठरला असता. आनंद टॉकीज, पंचशील हीं नांवें आजहि रस्ता सांगतांना कामीं येतात. एका चौकाला तर पंचशील हेंच नांव पडलें आहे. बर्डीच्या लढाईची तारीख विचारली तर दहांतले नऊ जण गप्प बसतील; पण टॉकीज कोठें म्हणून विचारा, बोट तात्काळ वर होईल.

यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. ज्या जागीं माणूस स्वखुषीनें पुनःपुन्हा गेला ती जागा त्याच्या ध्यानांत राहते. चित्रपटाचा म्हणून जो इतिहास आजवर लिहिला गेला तो बहुतेक चित्रें काढणारांचा आहे: कंपनी केव्हां निघाली, दिग्दर्शक कोण, नटी कोणती, पैसा किती लागला. ज्यानें पदरचे आणे मोजून तें चित्र पाहिलें, घरीं जाऊन त्याविषयीं वाद घातला, पुढच्या आठवड्यांत पुन्हा जाऊन पाहिलें आणि आपलें पहिलें मत मुकाट्यानें बदललें, त्या साध्या रसिकाची नोंद सहसा कोणत्या दप्तरांत सांपडत नाहीं. आणि तरीहि भारतीय चित्रपटाचा उगम शोधूं गेलें तर तो अशाच एका प्रेक्षकापाशीं येऊन थांबतो.

तो प्रेक्षक म्हणजे त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. छपाईच्या धंद्यांत भागीदारांशीं बिनसल्यामुळें ते त्यांतून बाहेर पडलेले होते, चाळिशी उलटत होती आणि पुढें काय करावें हें ठरत नव्हतें. अशा स्थितींत मुंबईस त्यांनीं ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक विलायती चित्र पाहिलें. तो अनुभव त्यांनीं १९१७ सालीं 'नवयुग' मासिकांत स्वतःच सांगितला आहे. डोळ्यांपुढून ख्रिस्ताचें जीवन सरकत असतां त्यांच्या मनांत श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ आणि अयोध्या उभीं राहूं लागलीं. खेळ संपल्यावर ते घरीं गेले नाहींत. त्यांनीं दुसरें तिकीट काढलें आणि तेंच चित्र पुन्हा पाहिलें. या दुसऱ्या वेळीं आपलीच कल्पना पडद्यावर आकार घेत आहे असें त्यांना वाटलें. पुढें पत्नी सरस्वतीबाई यांनाहि त्यांनीं तें चित्र दाखविलें. मग रोज तासचे तास चित्रें पाहण्याचा क्रम इतका वाढला कीं त्यांची दृष्टि अधू झाली आणि डॉक्टरांकडे धांव घ्यावी लागली. विलायतेची वारी, तेथून आणलेला कॅमेरा, गहाण पडलेले दागिने आणि १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' हा पुढील भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. मूळ मात्र त्या दुसऱ्या तिकिटांत आहे. पहिल्या तिकिटाला माणूस गोष्ट पाहतो. ती गोष्ट कशी सांगितली आहे हें पाहावयाचें तर दुसरें तिकीट काढावें लागतें.

मूकपटांच्या काळीं ही चैन सोपी नव्हती. चित्र लवकर बदले, आणि एकदां गांवांतून गेलेलें चित्र पुन्हा केव्हां येईल याचा भरंवसा नसे. यंत्र एकच असल्यास प्रत्येक रीळ संपलें कीं दिवे लागत; तेवढ्यांत पानवाला फिरून जाई. पडद्यावर मजकूर उमटला कीं ज्याला वाचतां येई तो मोठ्यानें वाची आणि भोंवतालचे दहाजण ऐकत. म्हणजे मत बनत असे तेंहि चारचौघांत, मोठ्यानें. फाळक्यांच्या १९१७ च्या 'लंकादहना'त राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच इसमानें केल्या होत्या. पहिल्या वेळीं सीतेला पाहून हात जोडणाऱ्या प्रेक्षकाचें लक्ष दुसऱ्या वेळीं तिच्या पिळदार दंडाकडे गेलें असलें पाहिजे. म्हणून त्याची भक्ति कमी झाली असें समजण्याचें कारण नाहीं. त्या चित्रानें इतका पैसा ओढला कीं नाणीं बैलगाडींतून न्यावीं लागलीं, अशी आख्यायिका आहे. एकेकदांच पाहणाऱ्यांच्या जिवावर एवढी रास झाली असेल असें वाटत नाहीं.

प्रेक्षकाला काय आवडतें हें विचारण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९२७ सालीं झाला. मद्रासचे वकील दिवाणबहादुर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. तिनें ४,३२५ प्रश्नपत्रिका वांटल्या, ३५३ साक्षीदार तपासले आणि मुंबई, लाहोर, कलकत्ता, मद्रास, रंगून असा दौरा केला. या दौऱ्यांत नागपूरहि होतें. १९२८ सालीं अहवाल बाहेर पडला. विलायती चित्रांपेक्षां बहुजनसमाजास आपल्या देशांतील चित्रें अधिक प्रिय आहेत, आणि विलायती चित्रांत डग्लस फेअरबँक्सच्या 'बगदादच्या चोरा'नें सर्वांवर ताण केली, असा त्यांत निर्वाळा आहे. अहवाल परिश्रमानें लिहिलेला आहे, यांत शंका नाहीं. परंतु साक्षीदारांच्या यादीवरून नजर फिरविली तर तींत अधिकारी, संपादक, शिक्षणाधिकारी, चित्रें काढणारे आणि दाखविणारे यांचाच भरणा. जमिनीवर बसून चित्र पाहणारास काय आवडतें हें त्याच्याऐवजीं खुर्चीवर बसणारानें सांगितलें. एखादें चित्र दुसऱ्यांदा कां पाहिलेंस, असा प्रश्न त्या हजारों कागदांत कोणी त्याला समोर बसवून विचारला नाहीं.

१९३१ सालीं 'आलम आरा' आणि १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' आला आणि पडदा बोलूं लागला. येथून पुन्हा पाहण्याला एक नवें निमित्त मिळालें, तें गाण्याचें. नाटकांतील पद 'वन्स मोअर' म्हणून तेथेंच पुन्हा ऐकतां येई. पडद्यावरील नट मात्र टाळ्यांना भीक घालीत नाहीं. त्याचें गाणें पुन्हा ऐकावयाचें तर पुन्हा तिकीट काढावें लागे.

पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ च्या डिसेंबरांत मुंबईच्या सेंट्रल सिनेमांत लागला आणि वर्षाहून अधिक काळ तेथून हलला नाहीं. पुढील सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. दामले आणि फत्तेलाल यांचें दिग्दर्शन, शिवराम वाशीकरांची कथा, केशवराव भोळ्यांचें संगीत, आणि तुकारामाच्या भूमिकेंत विष्णुपंत पागनीस. हें चित्र एकदांच पाहणारा प्रेक्षक पागनिसांचा चेहरा आणि चमत्कार घेऊन घरीं येतो: इंद्रायणींतून वर आलेल्या वह्या आणि शेवटचें विमान. तेवढ्यावर त्यानें मत दिलें तर तो म्हणेल, भक्तिरसाचें चित्र आहे. दुसऱ्या खेपेस विमान येणार हें ठाऊक असतें, म्हणून डोळे मोकळे होतात आणि जिजाईकडे वळतात. गौरीबाईंनीं उभी केलेली ही बाई गांजलेली आहे, तोंडाळ आहे, तिची म्हैस आहे, तिचीं मुलें उपाशीं आहेत, आणि पोर आजारी पडतांच ती देवळांत शिरून प्रत्यक्ष विठोबाला जाब विचारते. ती देवाशीं भांडते ती देव आहे असें मानूनच भांडते. तिसऱ्यांदा पाहणाऱ्यास कळतें कीं तुकारामाचा मोठेपणा मोजण्याचें माप या बाईच्या हातांत ठेवलेलें आहे. चमत्कारांनीं तुकाराम देवत्वास चढतो, आणि जिजाईमुळें तो घरांत राहतो. पहिल्या दिवशींच्या परीक्षणांत हें सगळें मावणें कठीणच होतें.

याच चित्राची एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्यांतील एक अभंग शांताराम आठवले यांनीं नवा रचून घातला होता. तो इतका बेमालूम उतरला कीं लोक त्याला तुकोबांचाच समजूं लागले, आणि जाणत्यांनींहि तो गाथेंत शोधला. ज्यांनीं चित्र पुनःपुन्हा पाहिलें तेच अधिक फसले! कारण ऐकून ऐकून त्यांना तो लहानपणापासून पाठ असल्यासारखा वाटूं लागला. पुन्हा पाहिल्यानें नजर सुधारते, हा नियम म्हणून सांगण्याची म्हणूनच सोय नाहीं.

शांतारामबापूंचा 'कुंकू' १९३७ चा. नारायण हरि आपट्यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रांत पार्श्वसंगीत मुळींच नाहीं. घड्याळाचे ठोके, रस्त्यावरचा गलबला, घरांतला आवाज एवढ्यावरच काम भागविलें आहे. म्हाताऱ्याशीं फसवून लावलेलें लग्न न मानणारी नीरा शांता आपटे यांनीं अशा तडफेनें रंगविली कीं प्रथम पाहणारा सर्वस्वीं तिच्या बाजूचा होतो आणि काकासाहेबांवर दांतओठ खातो. तें योग्यच आहे. परंतु पुन्हा पाहतांना केशवराव दाते दिसूं लागतात. हा गृहस्थ दुष्ट नाहीं. वकील आहे, प्रतिष्ठित आहे, आणि आपलें काय चुकलें हें त्याला फार उशिरां कळतें. कळल्यावर तो नीरेची वाट मोकळी करून स्वतःला संपवितो. नीरेचा पक्ष दुसऱ्या खेपेस दुबळा होत नाहीं, अधिकच सबळ होतो; कारण एका दुष्टाशीं नव्हे तर सभ्य माणसांनीं सभ्यपणें चालविलेल्या रूढीशीं तिची गांठ आहे, हें तेव्हां उमगतें. जें चित्र एकदां पाहून संपतें त्यांत असा दुसरा माणूस लपलेला नसतो. 'माणूस' (१९३९) आणि 'शेजारी' (१९४१) यांविषयींहि असेंच म्हणतां येईल. प्रभातचीं हीं चित्रें मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघत, आणि नागपूर पडलें दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी. येथील माणूस एकच कथा दोनदां पाहून दोन वेगळीं मतें बाळगूं शकत असे.

दूर गांवीं चित्र पोंचे तें मात्र झिजत झिजत. एक प्रत अनेक गांवीं फिरे. प्रत्येक खेळांत फीत ओरखडे, तुटे, पुन्हा जोडली जाई आणि जोडतांना दोनचार चौकटी गळत. मुंबईस पाहिलेलें चित्र आणि वर्षभरानें खेड्यांत आलेलें चित्र हीं तंतोतंत एकच नसत. वितरणाच्या धंद्यानें देशाचे जे विभाग पाडले त्यांत या भागास 'सी. पी. बेरार' असें नांव मिळालें. १९५६ सालीं तो प्रांत नकाशावरून गेला, नागपूर मुंबई राज्यांत आलें, १९६० सालीं महाराष्ट्र झाला. चित्रपटाच्या व्यापाऱ्यांनीं मात्र 'सी. पी. बेरार' सोडलें नाहीं. राज्यकर्त्यांनीं मोडलेला प्रांत कमाईच्या वहींत शाबूत राहिला.

१६ जुलै १९४८ रोजीं नागपूर नभोवाणी केंद्र सुरू झालें. चित्र गांवाबाहेर गेलें तरी त्याचें गाणें आतां घरांत येऊं लागलें, आणि गाण्याबरोबर सबंध प्रवेश आठवूं लागला. पुढें १९५२ च्या सुमारास मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या कारकीर्दींत नभोवाणीवरून चित्रपटगीतांची हकालपट्टी झाली, तेव्हां श्रोत्यांनीं शिस्तीनें सुया फिरविल्या त्या रेडिओ सिलोनकडे. १९५७ सालीं विविधभारती सुरू झाली, ती बऱ्याच अंशीं हे श्रोते परत आणण्यासाठींच. विद्वान मंत्र्याच्या मतापुढें साध्या रसिकाचें मत टिकलें असें हें एक ठळक उदाहरण आहे.

दूरदर्शन आल्यावर तिकिटाचीहि गरज उरली नाहीं. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई' (१९५३) या चित्रास राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें होतें. शाळकरी वयांत ज्यांनीं तो पाहिला ते माधव वझ्यांच्या श्यामबरोबर रडले. तीस वर्षांनीं तेच घरच्या पडद्यापुढें मुलांना घेऊन बसले, तेव्हां त्यांना वनमालाबाईंची आई दिसली. आणखी कांहीं वर्षांनीं, डोक्यावर कर्ज घेतल्यावर, लक्ष श्यामच्या वडिलांकडे गेलें. चित्र तेंच, त्यांत एक चौकटहि बदलली नव्हती. असा पडताळा पाहतां येण्यास चित्र शिल्लक मात्र असावें लागतें.

आणि तें बहुधा नाहीं. मूकपटांच्या काळांत या देशांत हजाराहून अधिक चित्रें निघालीं. त्यांतील फार थोडीं उरलीं. जुनी फीत नायट्रेटची, क्षणांत पेट घेणारी; कित्येक फिती तर त्यांतील चांदीसाठीं विकल्या गेल्या. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तें १९६४ सालीं, म्हणजे 'राजा हरिश्चंद्रा'नंतर एक्कावन वर्षांनीं. जानेवारी २००३ मध्यें पुण्यांत जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारांतील कोठारास आग लागली आणि जपून ठेवलेलीं नायट्रेटचीं रिळेंहि जळालीं. गेलेल्या चित्रांविषयीं आतां कोणास मत बदलतां येत नाहीं. जुन्या जाहिराती आणि एखाद्या म्हाताऱ्याची आठवण, एवढाच पुरावा.

खुद्द 'राजा हरिश्चंद्रा'चीहि हीच कथा आहे. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशनमध्यें लोकांपुढें आलेला तो चार रिळांचा मूळ खेळ आज नाहीं. त्याची फीत कामांतून गेल्यामुळें फाळक्यांनीं १९१७ सालीं तोच विषय नव्यानें चित्रित केला, आणि संग्रहालयांत जीं रिळें आज दाखवितात तीं या दुसऱ्या चित्रणाचीं असल्याचें अभ्यासकांचें मत आहे.