रक्त, नोंद आणि जमात : वडशातील वंशशोध

१/ वैनगंगेकाठचे वडसा, म्हणजेच देसाईगंज, झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. याच परिसरातील अनेक घरांत मुलगा किंवा मुलगी बारावी झाली, की एक शोध सुरू होतो. पणजोबांच्या नावापुढे जमात कोणती लिहिली होती? उच्च शिक्षणातील प्रवेश, नोकरी आणि निवडणुकीची राखीव जागा या एका उत्तरावर अवलंबून असते.

२/ असाच शोध अमेरिकेत चेरोकी पूर्वजांसाठी घेतला जातो. तेथे हजारो कुटुंबांत ‘पणजी चेरोकी होती’ अशी आठवण सांगितली जाते. आता लाळेचा नमुना देऊन डीएनए जुळणारे दूरचे नातलग सापडतात. तरीही चेरोकी नेशन हे राष्ट्र डीएनए चाचणीवर नागरिकत्व देत नाही. त्यासाठी पूर्वजाचे नाव ‘डॉज रोल’ या यादीत असावे लागते आणि त्या पूर्वजापासूनची थेट वंशसाखळी कागदोपत्री दाखवावी लागते.

३/ ही यादी चेरोकींनी नव्हे, अमेरिकी सरकारच्या आयोगाने विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण केली. चेरोकींनी गुलाम म्हणून ठेवलेल्या आणि पुढे मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची नावे तिच्यात वेगळ्या रकान्यात गेली. त्यांच्या वंशजांना नागरिकत्वासाठी दीर्घ लढा द्यावा लागला. २०२१ मध्ये चेरोकी नेशनच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेतील ‘रक्ताने’ हे शब्द काढून टाकण्याचा निर्णय दिला.

४/ भारतातील यादीची रचना निराळी आहे. ६ सप्टेंबर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जमातींची नावे आहेत, माणसांची नाहीत. चेरोकी वंशजाला यादीतील पूर्वजापर्यंत पोहोचावे लागते. वडशातील वंशजाला आधी पूर्वजाची नोंद शोधावी लागते आणि तिच्यातील जमातीचे नाव यादीतील नावाशी जुळवून दाखवावे लागते.

५/ १९३१ च्या जनगणनेत जातीजमातींचे आकडे मिळतात. पण प्रसिद्ध तक्त्यांत कोणाच्या आजोबांचे नाव नसते. म्हणून शोध गावपातळीच्या कागदांकडे वळतो: जन्ममृत्यू नोंदवणारे कोतवाल बुक, शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, बंदोबस्ताची कागदपत्रे, अधिकार अभिलेख. १९५० पूर्वीच्या नोंदीला सर्वाधिक वजन असते, कारण ती लिहिली गेली तेव्हा आजच्या सवलती नव्हत्या.

६/ या कागदांवरून राज्यकारभाराची अनेक स्थित्यंतरे गेली. चांदा जिल्हा आधी मध्यप्रांतात, नंतर मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे एकाच घराण्याचा माग काढताना गडचिरोलीबरोबर चंद्रपूरचेही अभिलेख पाहावे लागतात.

७/ एका शब्दाने किती फरक पडतो, हे हलबांच्या इतिहासात दिसते. यादीत ‘हलबा, हलबी’ आहेत, ‘कोष्टी’ नाहीत. विणकाम करणाऱ्या हलबा कोष्टींचा दावा असा, की कोष्टी हा व्यवसाय आणि हलबा ही जमात. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले, की यादी आहे तशीच वाचावी. तिच्यात बदल करण्याचा अधिकार संसदेचा. शाळामास्तरांनी एकेकाळी लिहिलेला ‘कोष्टी’ हा शब्द अनेक कुटुंबांना भोवला.

८/ माना समाजाचा प्रश्न उलट होता. त्यांचे नाव यादीत होते. परंतु ते गोंडांबरोबर एकाच नोंदीत असल्याने ‘माना ही गोंडांची पोटजमात’ असा अर्थ शासनाने लावला. वडशापासून फार दूर नसलेल्या वैरागडावर गोंडांच्या आधी माना राजांची सत्ता होती, अशी या भागातील परंपरा आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानांना स्वतंत्र जमात मानणारा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला.

९/ कागद अपुरा पडला तर काय? १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासणी समितीची आणि दक्षता पथकाची पद्धत घालून दिली. पथक मूळ गावी जाते. कुलदैवत, लग्नविधी, अंत्यविधी विचारते. मात्र शिक्षण आणि स्थलांतराने चालीरीती पुसट होतात. म्हणून ही आप्तभाव चाचणी एकमेव कसोटी नव्हे, असे न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आणि २०२३ मध्ये तेच पुन्हा स्पष्ट केले.

१०/ मग डीएनए हा वाद का मिटवत नाही? जनुके आप्तसंबंध आणि प्राचीन मिसळ सांगतात. जमातीचे नाव सांगत नाहीत. २०१३ च्या एका अभ्यासाने दाखवले, की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी भारतात दोन मोठ्या वंशधारांची व्यापक मिसळ झाली आणि तिचा माग आदिवासींसह जवळजवळ सर्व समूहांत आढळतो. ‘हलबा’ किंवा ‘माना’ ही ओळख भाषा, जमीन, सोयरीक आणि राज्यसत्ता यांतून घडली. ती गुणसूत्रावर कोरलेली नसते.

११/ कायदाही ‘रक्त’ हा शब्द वापरतो. पित्याकडील रक्ताच्या नातलगाला वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल, तर तो भक्कम पुरावा ठरतो. पण ते नातेही वंशावळ आणि जुन्या नोंदींनीच सिद्ध करावे लागते. आईकडील पूर्वज, जनुकांत त्यांचा वाटा निम्मा असूनही, या साखळीत येत नाहीत.

१२/ दावा फेटाळला गेला तर परिणाम कठोर असतो. अवैध दाव्यावर मिळवलेले लाभ राखता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. २०१९ च्या अखेरीस राज्य शासनाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग करण्याचे ठरवले. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: खोट्या दाव्याने बळकावलेली प्रत्येक जागा एखाद्या खऱ्या आदिवासी मुलाच्या हातून गेलेली असते.

१३/ म्हणून जुनी नोंद वाचताना तीन प्रश्न विचारावेत. ती कोणी लिहिली? कोणत्या वर्षी? आणि लिहिणाऱ्याला जमात, जात व व्यवसाय यांतला फरक कळत होता का? कोतवालाने घाईत लिहिलेला एक शब्द तीन पिढ्यांचे भवितव्य ठरवू शकतो. ते जीर्ण रजिस्टर जपणे हे इतिहासाचे काम आहे आणि न्यायाचेही.