ईव्हीचा डॅशबोर्ड खराब झालाय? रॅप करायचा की पार्ट बदलायचा, जाणून घ्या सगळं

इलेक्ट्रिक गाडी घेताना आपण रेंज बघतो, चार्जिंगचा वेळ बघतो, बॅटरीची वॉरंटी बघतो. टाटा नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली, तेव्हा बॅटरी आणि मोटरला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी होती. डॅशबोर्डवरच्या पट्ट्या मात्र त्या वॉरंटीत येत नाहीत. विदर्भाच्या उन्हात बॅटरीच्या आधी हेच प्लास्टिक म्हातारं होतं.

या लेखात आपण भंडारा जिल्ह्यातलं, नागपूर-भंडारा महामार्गावरचं शहापूर डोळ्यासमोर ठेवलंय. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पुण्या-मुंबईत टिकणारा रॅप इथे टिकेलच असं नाही.

थोडक्यात उत्तर

- चकचकीत काळ्या पट्टीवर बारीक ओरखडे असतील तर रॅप करा.
- पट्टी तुटली, वाकली किंवा क्लिप मोडली असेल तर पार्ट बदला.
- डॅशबोर्डचा वरचा मोठा भाग आणि एअरबॅगची जागा यांना हात लावू नका.

डॅशबोर्ड खराब का होतो?

पहिलं कारण उष्णता. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तासभर उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले आढळले. सावलीतल्या गाड्यांमध्ये हाच आकडा ४८ च्या आसपास होता. तिथला उन्हाळा आपल्यासारखाच कडक असतो.

दुसरं कारण अतिनील किरणं. त्यांनी रंग फिका पडतो आणि प्लास्टिक ठिसूळ होतं. मऊ पीव्हीसी आवरणात मऊपणासाठी घातलेलं रसायन उन्हाने हळूहळू उडतं. आतून काचेवर जो तेलकट थर जमतो, तो बऱ्याचदा याचाच असतो. रसायन उडालं की आवरण आक्रसतं आणि मग तडकतं.

तिसरं कारण आपणच. धुळीने भरलेली काळी पट्टी कोरड्या फडक्याने पुसली की धूळ सँडपेपरसारखं काम करते.

आधी ओळखा: नुकसान कुठल्या प्रकारचं?

१. ओरखडे: फक्त वरचा थर खराब. रॅपसाठी सगळ्यात सोपी केस.

२. चिकटपणा: रबरासारखा मऊ लेप विरघळल्यासारखा होतो, बोट चिकटतं. यावर थेट फिल्म लावली तर ती लेपासकट निघून येते. आधी लेप पूर्ण काढावा लागतो.

३. फिकट रंग: पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर रॅप चालतो. खडबडीत, दाणेदार प्लास्टिकवर फिल्मला धरायला जागाच कमी मिळते.

४. तडा किंवा वाकलेला भाग: रॅपने तडा झाकला जातो, बुजत नाही. पार्ट बदला.

पट्टीच्या मागच्या बाजूला प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. एबीएस असेल तर फिल्म छान बसते. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर त्यावर गोंद नीट धरत नाही, आधी प्रायमर लावावा लागतो.

कुठे रॅप लावायचाच नाही?

हा भाग नीट वाचा, कारण इथे प्रश्न दिसण्याचा नाही, जिवाचा आहे.

भारतात १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. ही बॅग डॅशबोर्डच्या आत असते आणि धडक झाल्यावर साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांत उघडते. त्यासाठी डॅशबोर्ड ठरलेल्या रेषेवर फाटावा लागतो. ही रेष बऱ्याच गाड्यांमध्ये खालच्या बाजूने असते, वरून काहीच दिसत नाही. वर ताणून बसवलेली फिल्म किंवा लेदरचं कव्हर असेल तर बॅग उशिरा किंवा वाकडी उघडू शकते. दुकानदार ‘काही होत नाही साहेब’ म्हणाला तरी नाहीच म्हणा.

या जागाही सोडा:

- टच बटणांचं पॅनल आणि स्क्रीनच्या कडा
- काचेजवळचा छोटा काळा घुमट, म्हणजे ऑटो एसीचा ऊन मोजणारा सेन्सर
- माइकची भोकं आणि एसीच्या जाळ्या

फिल्म कुठली घ्यायची?

मोबाईलच्या मागे लावतो ती स्किन आठवा. गाडीची फिल्मही विनाइलचीच असते, पण तिचे दोन प्रकार आहेत. ‘कॅलेंडर्ड’ फिल्म लाटून पातळ केलेली असते, त्यामुळे तापली की मूळ आकाराकडे परत जायला बघते आणि कडा सुटतात. ‘कास्ट’ फिल्म द्रवरूपात ओतून बनवतात, त्यामुळे ती कमी आक्रसते. शहापूरच्या उन्हात कास्टच घ्या, महाग पडली तरी.

रंग गडद आणि मॅट निवडा. चकचकीत किंवा पांढऱ्या पट्टीचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि महामार्गावर दुपारी डोळ्यांना त्रास होतो.

रॅप कसा करायचा?

१. वेळ निवडा. फिल्म लावायला २० ते २५ अंश तापमान बरं. इथे म्हणजे हिवाळा, किंवा उन्हाळ्यात भल्या सकाळी सावलीत. भर दुपारी गोंद इतका पकडतो की फिल्म उचलून परत बसवता येत नाही.

२. गाडी बंद करा, चार्जर काढा. प्लास्टिकच्या पट्टीने कडेपासून हळू उचला, स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका. प्रत्येक क्लिपचा फोटो काढून ठेवा.

३. मागे वायर असेल तर थांबा. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, केशरी केबल हाय व्होल्टेजच्या. दोन्हींना हात लावायचा नाही. ते काम सर्व्हिस सेंटरचं. १२ व्होल्टची बॅटरी काढली म्हणजे गाडीतला सगळा करंट गेला असंही समजू नका. मुख्य बॅटरी वेगळी असते.

४. पट्टी साबणाच्या पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आधी डॅशबोर्ड पॉलिश मारलं असेल तर दोनदा पुसा. त्यातलं सिलिकॉन गोंदाला धरू देत नाही.

५. पट्टीपेक्षा चारही बाजूंनी ४-५ सेंटीमीटर मोठा तुकडा कापा. मधून सुरुवात करून स्क्वीजीने बाहेरच्या बाजूला दाबत जा. वळणावर हीट गनने थोडी ऊब द्या, पण फार ताणू नका.

६. कडा मागच्या बाजूला १ सेंटीमीटर तरी वळवा. शेवटी कडा आणि वळणं पुन्हा तापवा. बऱ्याच कास्ट फिल्मना हे तापमान ९५ अंशांच्या आसपास लागतं, नेमका आकडा कंपनीच्या डेटाशीटमध्ये असतो. ही पायरी गाळली की पहिल्याच उन्हाळ्यात कडा उघडतात.

७. पट्टी एक दिवस तशीच ठेवून मग बसवा.

पार्ट बदलायचा असेल तर

गाडीचा चासिस नंबर देऊन पार्ट मागवा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या पट्ट्या वेगळ्या असू शकतात. नेक्सॉन ईव्हीचा डॅशबोर्ड सप्टेंबर २०२३ च्या नव्या रूपात बराच बदलला, त्यामुळे जुन्या गाडीला नवी पट्टी बसेल असं धरू नका. सोबत नव्या क्लिपही मागवा. ईव्हीत इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे एक सैल क्लिपही खडखड ऐकवत राहते.

डॅशबोर्डचा वरचा अख्खा भाग बदलायचा असेल तर एअरबॅग काढावी लागते. हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करा आणि नंतर एअरबॅगचा दिवा गाडी सुरू केल्यावर काही सेकंदांत विझतो का, ते तिथेच तपासा.

आरटीओला कळवावं लागतं का?

नाही. आरसी बुकात गाडीचा बाहेरचा रंग नोंदलेला असतो, आतल्या पट्टीचा नाही.

पुन्हा खराब होऊ नये म्हणून

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. अशा वेळी गाडीचं तोंड कुठेही केलं तरी तिरप्या काचेतून ऊन आत येणारच. म्हणून समोरच्या काचेला आतून चंदेरी सनशेड लावा. खुल्या जागी चार्जिंगला लावलेल्या गाडीलाही लावा, कारण ती तास-दीड तास उन्हातच उभी असते. पुसायला ओलसर मायक्रोफायबर वापरा आणि सिलिकॉनचं चकचकीत पॉलिश टाळा. तीनेकशे रुपयांची सनशेड रोज लावली, तर रॅपची वेळ बरीच लांब जाईल.